बोलीचा कोंबडा

२० ऑक्टोबर, रविवार

आज चर्चमध्ये शिबिर. विषय — 'अविवाहित विश्वासणाऱ्यांसाठी पैशाचं नियोजन'. वक्ते पुण्याचे. एकट्यानं कसं जगावं हे सांगायला अख्खं कुटुंब घेऊन आले होते. बायको लॅपटॉप धरून, तीन मुलं मागच्या बाकावर मोबाईल धरून.

ऐकायला आम्ही तिघं. मी, रिटायर झालेल्या शिक्षिका अंजनाबाई, आणि शिवतेज नावाचा एक तरुण, जो जेवणासाठी आला होता. साहेब म्हणाले, पगाराचे तीन डबे करा — देवाचा, उद्याचा, आजचा. दशांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, मी पहिल्या पगारापासून देतेय. दवाखान्यात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढून उद्याच्या डब्यातून फ्लॅटही बुक केलाय. चौथ्या डब्याबद्दल मात्र साहेब काही बोलले नाहीत. नातेवाइकांचा डबा. माझ्याकडं तोच सगळ्यात मोठा.

अंजनाबाई सारखी मान डोलवत होत्या. सत्तरी उलटली, आता कसलं नियोजन करणार बाई? मला हसू आवरेना.

२६ ऑक्टोबर

बिल्डरचा फोन. नोव्हेंबर संपायच्या आत पुढचा हप्ता, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला. "मॅडम, नवरा-बायको दोघं कमावणारं गिऱ्हाईक थांबलंय." देते म्हटलं. पैसे आहेत. नेमके तेवढेच.

एकच बेडरूम, पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी. त्या खिडकीशी उभी राहून मी बोंबील तळणार आहे. आमच्या घरमालकीण कस्तुरीकाकू जैन. बाई लाखात एक. पण इतकी वर्षं त्यांच्या माडीवर राहतेय नि घरात अंडं आलेलं नाही. अट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती, मी कबूल केली होती. तक्रार नाही. पण बेचाळिशीच्या बाईला स्वतःच्या घरात आम्लेट करून खावंसं वाटलं तर काय बिघडलं?

३ नोव्हेंबर

इंद्रजित आला होता उंब्रजहून. धाकटा भाऊ. आला की आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग चहाचं कौतुक, मग मुद्दा. आजचा मुद्दा — पोराला बुलेट. "पोरगं कॉलेजला एसटीनं जातंय, बरं दिसतंय का? ताई, तू कुणासाठी साठवतीयास एवढं?"

स्वतःसाठी, म्हटलं. त्याला ते उत्तर वाटलंच नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. अर्धा चहा टाकून गेला.

४ नोव्हेंबर

भावजयीचं स्टेटस — 'काही लोक पैसे वर घेऊन जाणार वाटतं'. खाली गुलाबाचं फूल.

१० नोव्हेंबर, रविवार

लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

आज कापणीचा सण. ज्याच्या शेतात, परसात जे पिकेल ते त्यानं वेदीपुढं आणून ठेवायचं. उपासनेनंतर लिलाव. पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फंडाला. पन्नासाची वस्तू पाच हजाराला जाते नि घेणाऱ्यासाठी टाळ्या पडतात. बोली म्हणजे देवापुढं दिलेला शब्द, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी यंदा हात मांडीवर ठेवून बसायचं ठरवलं होतं. अंजनाबाईंनी नेहमीप्रमाणं भोपळा घेतला. पेन्शनवर जगणारी एकटी बाई, भोपळा खाणार कोण? बाईंना नाही म्हणता येत नाही, मला येतं — असा माझा तोरा.

शेवटी राहिला एक कोंबडा. माईकवर आकारामदादा, मंडळीचे 'वडील', म्हणजे कारभारी पंच. म्हणाले, "ह्यो कोंबडा सुवार्ताताईंकडं. त्यास्नी काय, ना पोर ना बाळ, पैसा घालवायचा कुठं?" मंडळी हसली. आमचे पाद्री, पाळकसाहेबसुद्धा, रुमाल तोंडाला लावून.

मी म्हटलं, हजार. त्यांचं तोंड बंद करण्यापुरतं. तर मागून आवाज — "पाच." वळून बघते तर इंद्रजित, सणासाठी उंब्रजहून आलेला. आठवड्यापूर्वी माझ्याकडं हात पसरणारा माझा भाऊ. मी दहा. तो पंधरा. वर हसत म्हणत होता, बघू तरी किती हाईत हिच्याकडं पैसे. तो मला चढवतोय हे कळत होतं. कळत होतं तरी हात वर जातच होता. चाळीस हजार म्हटलं नि तो खाली बसला. टाळ्या. कुणीतरी 'हालेलुया' म्हणालं.

कोंबडा पिशवीत, पिशवी रिक्षात, रिक्षात मी. हप्त्यातले चाळीस हजार आता जाणार. आणि मी नियोजनाचं शिबिर केलेली बाई!

११ नोव्हेंबर

पहाटे आरवला. कस्तुरीकाकू लगोलग जिन्यात. आता खोली सोडायला सांगणार असं वाटलं. म्हणाल्या, "आवं ताई, कापायला तर आणला न्हाईसा न्हवं ह्याला?" नाही म्हटलं. खाली जाऊन ओंजळभर जोंधळे घेऊन आल्या.

१३ नोव्हेंबर

बिल्डरला विचारलं, थोडे पैसे डिसेंबरात चालतील का. नाही म्हणाला. आकारामदादांचा फोन — रविवारी रक्कम आणा, नाव वाचून दाखवायचंय. इंद्रजितचा मेसेज — अभिनंदन, जोडलेले हात.

रडले. रागानं रडले. पोराची फी भरायची असली की त्या माणसाला लिलावात सोडून देतात, कुणी त्याचं नाव पुकारत नाही. एकट्या बाईला घर घ्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर उभी राहिले. म्हटलं, "चाळीस हजार मी देणार नाही. बोली मागे घेते. ती रागानं केली होती, देवासाठी नव्हती."

आकारामदादा म्हणाले, "आसं आजवर कुणी केल्यालं न्हाई." मी म्हटलं, आज केलं. मग देवाशी खोटं बोलणारी बायबलातली माणसं कशी जागच्या जागी पडून मेली ते पाळकसाहेबांनी सविस्तर सांगितलं. घरी येईपर्यंत मरायची वाट बघितली. मला नुसती भूक लागली होती.

कोंबड्याचा बाजारभाव पाकिटात घालून दिला. कोंबडा कस्तुरीकाकूंच्या मळ्यात गेला. तिथं त्याला कुणी हात लावणार नाही.

२९ नोव्हेंबर

हप्ता भरला. फ्लॅट माझा! बँकेतून बाहेर येऊन रस्त्यावरच एक भेळ खाल्ली.

चर्चमध्ये माझा सलाम कुणी घेत नाही. महिला मंडळाच्या ग्रुपवर मी काही टाकलं की सगळ्या एकदम गप्प. इंद्रजित म्हणे दुखावलाय — मी चारचौघांत घराण्याची अब्रू घालवली. बुलेट मात्र कर्जावर घेतली.

१ डिसेंबर

संध्याकाळी अंजनाबाई जिना चढून आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. रिटायर झाल्या त्या साली त्यांनीही कुपवाडला जागा बघून ठेवली होती. मला हे आजच कळलं. त्याच साली सणाला माईकवरून पुकारलं, बाईंना रिटायरमेंटचा फंड मिळालाय, हे हळदीचं पोतं बाईंकडं. आकडा चढत गेला. बाईंनी भरला, जागेचे पैसे त्यातच गेले. अजून त्या चर्चच्या कंपाउंडातल्या एका खोलीत राहतात.

"मागं घेता येतंय व्हय गं, सुवार्ता?" एवढंच विचारलं त्यांनी.