डावा कौल

११ जाने., रवि.
देवळात कौल लावला. जुनं देऊळ पाडून नवं बांधू का, असं देवाला विचारायचं होतं. कौलाच्या वेळी बायकांना आत घेत नाहीत, म्हणून मी घरी तांदूळ निवडत. हे मानकरी, अगदी समोर उभे. आले ते तोंड पाडून. चहा हातात दिला तेव्हा म्हणाले, "डावा पडला."
म्हणजे मूर्तीच्या डाव्या अंगाचं फूल आधी पडलं, देव नको म्हणाला. सुटलो म्हटलं. देवळाच्या मंडपाचे फणसाच्या लाकडाचे खांब आहेत ते, वेलबुट्टीचे. माझं लग्न त्याच मंडपात लागलं, अंतरपाट धरल्यावर मी त्या खांबांकडेच बघत होते. नवऱ्यापेक्षा बरे दिसत होते.
"पण गुरवाने उजवा सांगितलान," हे.
"आणि तुम्ही?"
"मी कशाला मध्ये बोलू?"
बशीतला चहा फुंकत बसले.

१८ जाने., रवि.
शहरातली वारसा फेरी आली. पाठीला पिशव्या, डोक्यावर टोप्या. खांबांना मिठ्या मारून फोटो. मग वारसा जपल्याबद्दल दत्ताभाऊजींना शाल-श्रीफळ. दत्ताभाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ आणि देवस्थान समितीचे अध्यक्ष. खांब काढायला लांज्याचे सुतार येणार आहेत, शिमगा झाला की. शाल पांघरून हात जोडत होते. टाळ्या मीपण वाजवल्या, कारण शेजारची शुभांगी माझ्याकडे बघत होती.
फेरीतल्या एका बाईने विचारलं, इथे वॉशरूम कुठे.

२२ जाने., गुरु.
देवळात हळदीकुंकू. शुभांगी म्हणाली, देवालाच नवं घर हवंय, कौल दिलान ना. माझी जीभ कधी दातांमागे राहिली आहे? म्हटलं, "आमच्या ह्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. डावा पडला."
कुणीतरी तिळगूळ पुढे केला.

२५ जाने., रवि.
सभा. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. दत्ताभाऊजींनी ह्यांना उभं केलं. "दादा, तुमी काय बघितलात ते सांगा चारचौघांत."
हे उभे. रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची घडी घातली.
"मी काय बघितला नाय. ती बायकांत कायतरी बोलते."
लोक हसले. गुरवसुद्धा. मी चपला शोधायला लागले, एकच सापडत होती.
घरी आल्यावर विचारतात, आमटीत कोकम घातलंस का. घातलं होतं.

८ फेब्रु., रवि.
वाळीत टाकणं आता गुन्हा आहे. त्यामुळे आम्हाला कोणी टाकलेलं नाही, नुसते विसरतात. बारशाचं बोलावणं द्यायला विसरले. मंडळाच्या ग्रुपवरून माझा नंबर चुकून गेला. शिमग्याच्या फुगड्या इतकी वर्षं मी बसवायचे, यंदा शुभांगी बसवते. माझीच गाणी, चुकीच्या चालीत.
ह्यांना मात्र सगळीकडे बोलावणं. जाऊन जेवून येतात. आल्यावर मला पदार्थ सांगतात.

१९ फेब्रु., गुरु.
रश्मीचा डोंबिवलीहून फोन. लेकीच्या घरी पाळणा हलत नव्हता तेव्हा मीच नवस बोललेले: मूल होऊ दे, पालखी दारात येईल तेव्हा पायावर घालीन, ओटी भरीन. पोर झालं, गुटगुटीत आहे. शिमग्याला घेऊन येतेय. "आई, पालखी येणार ना गो आपल्याकडे?"
येणार म्हटलं. दुसरं काय म्हणू?
संध्याकाळी ह्यांना दत्ताभाऊजींकडे धाडलं. निरोप आणला: वैनीने देवासमोर सांगायचं, कौल उजवाच पडला, मी खोटं बोलले. की पालखी दारात.
म्हटलं, खोटं कोण बोललं?
"आता तोच विषय परत नको," हे.

२ मार्च, सोम.
रश्मी आली. बाळाचे डोळे ह्यांच्यासारखे आहेत. बघवत नाही.
होळीला मी गेले नाही. हे गेले. होळीचं झाड नाचवत न्यायला खांदा लागतो त्यांचा.

५ मार्च, गुरु.
पालखी आज आमच्या आळीत. मी काही सांगितलं नव्हतं, तरी वाटत होतं, देव आहे, पोर आहे, थांबतील. अंगण सारवलं. फाटकाबाहेर रांगोळी काढली. रश्मी नऊवारी नेसली, बाळाला झबलं, टोपी. मी ताट घेऊन उभी.
ढोल जवळ आले. शुभांगीकडे पालखी बराच वेळ नाचली. मग आमच्याकडे वळली. पुढच्या दांडीला डाव्या बाजूला हे. आमचे हे!
थांबले नाहीत. मान वर केली नाही. रांगोळी मोडू नये म्हणून पाय तेवढा जपून टाकला.
ढोलांना बाळ टाळ्या वाजवत होतं. रश्मीला वाटलं, पुढे जाऊन परत फिरतील. ती उन्हात तशीच उभी राहिली. शेवटी मी निरांजन फुंकून विझवलं. असं विझवत नाहीत.
हे दुपारी आले. खांदा सुजलाय म्हणे, तेल लाव. तेल गरम करून लावलं. जरा जास्तच गरम. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

६ मार्च, शुक्र.
रश्मी सकाळपासून मागे. "एक वाक्य आई. काय जातं तुझं? माझ्या पोराला काही झालं तर?" नवस मीच बोललेले, त्यामुळे तोंड उघडायला जागा नाही. लेकीने असं बोलावं! आणि भीती मलाही वाटते, खोटं कशाला लिहू.
आज पालखी सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, बसेल. गुरव गाऱ्हाणं घालील, माझं नाव घेईल, मग मी सांगायचं आणि सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. उद्या पालखी दारात येईल, परवा सुतार.
नारळ सोलून ठेवला. लग्नातला शालू काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय.
ह्यांना म्हटलं, चला, सदरा घाला. देवासमोर माझ्या शेजारी उभं राहायचं.
"मी कशाला?"
"पाहिलं तुम्ही. देव मला विचारील तेव्हा मी तुमच्याकडे बघणार."
आतल्या खोलीत गेलेत. दार लावून घेतलंय. रश्मी बाळाला काजळ लावतेय. मी ओटीवर बसून लिहितेय, नारळ मांडीत. ढोल सुरू झाले.