डावीकडे तोंड केलेली पाखरं

चि. सिल्वानो यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे पेत्रोनिलाचे, आशीर्वाद. नेहमीपेक्षा दोन कमी आहेत, का ते पुढे कळेल. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे पुनो शहरातल्या थंडीत टकलावर काय घालतोस तेही कळव, कारण मी पाठवलेल्या लोकरीची टोपी तू घालत नाहीस हे मला आता पक्कं ठाऊक झालंय. इकडे धरणीमायेच्या कृपेने बटाटे बरे आले, मेंढ्या बऱ्या आहेत, फक्त मी बरी नाही. मला संताप आलाय. पत्र सूनबाई बसिलिया लिहितेय. माझ्या शिव्या ती गाळते असा मला संशय आहे, तेव्हा जिथे वाक्य अचानक गोड लागेल तिथे एक शिवी होती असं समजून वाच.

गेल्या थंडीआधी तुला तीन लडी पाठवल्या होत्या, आठवतं? ती लोकर मी मेंढ्यांमागे चालताना, धक्क्यावर उतरताना, गावसभेत बसल्या बसल्या टकळीवर कातली. अर्धं वर्ष गेलं. लाल रंगासाठी निवडुंगावरचे किडे एकेक वेचले, वाळवले, वाटले, आणि नेमका त्याच दिवशी सूनबाईने मातीच्या हंड्याऐवजी लोखंडी पातेलं चुलीवर चढवलं (लिही गं, पातेलं तुझंच होतं, लाजतेस काय), त्यामुळे लालभडक व्हायची ती लोकर काळ्या मक्यासारखी झाली. तसा रंग या बेटावर दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि पुन्हा कुणाकडे न होवो. बिघडली म्हणून नव्हे, तुझ्या गोऱ्या टकलावर उठून दिसेल म्हणून पाठवतेय, असं मी तेव्हा कळवलं होतं. (ते खोटं होतं. पण पाठवली तर खरी ना?)

आता मुद्दा. माझ्या मुलाची, फोर्तुनातोची, लेक देल्फिना युक्रांच्या सेल्सोवर भाळली आहे. मुलगा वाईट नाही. होडी चालवतो, बोलतो कमी, खातो बेताने. मागे वादळात मला आणि माझ्या दोन मेंढ्यांना त्याने सुखरूप किनाऱ्याला आणलं, आणि मेंढ्यांना आधी उतरवलं, म्हणजे कशाची किंमत किती ते त्याला कळतं. देल्फिनाने स्वतःचे केस घालून त्याच्यासाठी मागावर कमरपट्टा विणायला घेतलाय (अर्धी वेणी गेली पोरीची!). राहिली होती टोपीची परीक्षा. तू शहरात राहून रीत विसरला असशील म्हणून सांगते: मुलाने स्वतः विणलेल्या टोपीत मुलीच्या बापाने पाणी ओतायचं, आणि थेंब गळला तर जावई गेला.

रविवारी सगळे अंगणात जमले. फोर्तुनातोने टोपी उलटी धरून तांब्याभर पाणी ओतलं. थेंब नाही. सेल्सोची आई रडायला लागली, चघळायला कोकाची पानं फिरली, कुणीतरी बासरीही काढली. सगळे जमीन ओली झाली का ते बघत होते, आणि मी टोपी बघत होते. रंग काळ्या मक्याचा! आणि वर विणलेली पाखरं डावीकडे तोंड करून चाललेली! अरे डावखुऱ्या, या बेटावरचा प्रत्येक पुरुष विणतो, आणि प्रत्येकाची पाखरं उजवीकडे जातात. उलट्या वाटेने निघतात ती फक्त तुझी, लहानपणापासून. माझ्याच लोकरीने माझ्याच डोळ्यांत धूळ?

मी म्हटलं, "बाळा सेल्सो, पाणी छान राहिलं हो. आता एक फेर माझ्यासमोर विण."

"आत्ता, आजी?"

"नाही, मी मेल्यावर."

त्याने सुया वल्ह्यांसारख्या धरल्या. फेर झाला तेव्हा त्यातून पाणीच काय, मासेही निसटले असते. देल्फिना माझ्यावर धावून आली. "आजी, तुला हल्ली दिसत नाही म्हणतेस ना?" म्हटलं, "दोरा ओवायला दिसत नाही. लबाडी दिसते." मग सेल्सोने मान खाली घालून कबूल केलं: मासे विकायला पुनोला गेला होता, तिथे सिल्वानो आजोबा म्हणाले, काळजी कशाला करतोस, मी आहे ना! काय रे, तू आहेस? तू तिथे आहेस, आणि माझी नात इथे!

पंचांनी ठरवलं की सांतियागोच्या सणापर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांत, सेल्सोने चारचौघांसमोर नवी टोपी विणायची. गळली तर लग्न मोडलं. तेव्हापासून देल्फिना माझ्याशी बोलत नाही, मीठ हवं असलं तरी कोंबडीकडे मागते. कमरपट्टा अर्धाच राहिलाय. आणि तू तिकडे ऊन खात बसला असशील! टोपी म्हणजे काय पाण्याचं भांडं आहे? ज्याच्या बोटांना दम नाही असा नवरा मिळाला की बायकोला काय करावं लागतं, ते तुला काय कळणार? या जन्मी तुझ्याशी बोलायची नाही. पत्राचं उत्तर लगेच पाठव.

तुझी संतापलेली बहीण पेत्रोनिला. (खाली अंगठा आहे. शाई संपली म्हणून किड्यांच्या रंगात बुडवलाय. रक्त नव्हे, घाबरू नकोस. किंवा घाबर.)

ता. क. माझ्या लग्नाच्या वेळीही टोपीतून थेंब गळला नव्हता. त्या टोपीवरची पाखरंही डावीकडेच चालली होती. मी अठरा वर्षांची होते, आणि मला ती दिसली होती. गप्प बसले, कारण मला गुमेर हवा होता. भला माणूस, धरणीमाय त्याला ऊब देवो. पण एकेचाळीस वर्षांत त्याने एक धड टोपी विणली नाही. गाव त्याला हसेल म्हणून मी दार लावून, पाखरं न घालता, त्याच्या टोप्या विणत राहिले. होय, मी, बाईमाणसाने, या बेटावर, जिथे टोपीच्या सुया फक्त पुरुष धरतात! तुझीच टोपी उसवून शिकले. देल्फिनावर दार लावून बसायची वेळ येऊ नये, म्हणून त्या दिवशी बोलले. (बसिलिया, तोंड मीट. लिही, आणि विसर.)

आणखी एक. सेल्सो रोज वाटेवर बसून विणतोय. जीव ओतून विणतोय, पण कालच्या पाखराला चार पाय आहेत. तेव्हा पत्र मिळताच पहिल्या होडीने ये आणि त्याच्याशेजारी बस. सुया त्याच्या हातात, तुझे हात खिशात.

शेवटचं. यायला जमणार नसेल तरी माझं अडत नाही. वेळ पडलीच तर असावी म्हणून एक टोपी विणून मी पेटीत तळाशी ठेवली आहे. पाणी घालून बघितलं, थेंब नाही. पण मी शिकले तुझ्या टोपीवरून, त्यामुळे हिचीही पाखरं डावीकडेच चालतात. गावाला माझा संशय यायचा नाही. तुझा येईल. लवकर ये.