जाळ्यातली बाटली

४ फेब्रुवारी १९५२, अर्णाळा
वाचला! पोरगा वाचला! आधी हे लिहिते, बाकीचं मग.

सकाळी कोळीवाड्यातली भागी बाळूला कडेवर घेऊन धावत दवाखान्यात. मासळीची टोपली वाटेतच टाकलेली. बाळूला जुलाब, म्हणून परवा खडूचं मिक्श्चर दिलं होतं. तिच्या सासूला गुडघ्यासाठी चोळायचं औषध, टर्पेंटाइनचं. दोन्ही दुधासारखी पांढरी. दोन्ही घरून आणलेल्या सारख्याच बाटल्यांत. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. नातवाला चोळायचं औषध पाजलंन. त्याने तोंडातलं थुंकून टाकलं म्हणून निभावलं. डॉ.नी दिवसभर दवाखान्यातच ठेवून घेतला. संध्याकाळी माझी नर्सची टोपी ओढायला लागला तेव्हा जीव भांड्यात पडला.

आजीला विचारलं, वास नाही आला?
"मासलीच्या घरात वास कसला, बाय?"
खरंच की. दारात बोंबील वाळतायत. आणि लेबल? ओल्या हातांनी केव्हाच धुऊन गेलं. असतं तरी वाचणार कोण!

५ फेब्रु.
भागी सासूला पोराला हात लावू देत नाही. टोपलीबरोबर त्यालाही बाजारात नेते, भर उन्हात. म्हातारी ओटीवर एकटीच. मला बघवलं नाही.
डॉ. म्हणाले, चोळायचं औषध आता घरी देणं बंद. इथे येऊन चोळून घ्यावं. गुडघे धरलेली माणसं इथवर येणार कशी? माझ्या तोंडावर दिसलं असणार. डॉ. म्हणाले, "मग बाई, तुम्हीच काढा काही तोड."
काढतेच!

८ फेब्रु.
काढली! काळा दोरा. चोळायच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला घट्ट बांधायचा. डॉ.नी मान्य केलं, औषध पुन्हा घरी देणं सुरू. डोळे नसले तरी बोटांना कळेल. इतकं सोपं, आणि आजवर कुणाला सुचू नये? स्वतःवर भलतीच खूश. नंदाखालला घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. म्हणाली, आधी जेव.

१२ फेब्रु.
फजिती. भागीकडे गेले तर बाटली उघडीबोडकी, आणि दोरा बाळूच्या मनगटात! दवाखान्यातला दोरा, म्हणजे गुण येणारच, वर नजर लागायची नाही ती नाहीच. शेजारच्या पोरांच्या हातांतही तेच. घरोघरी बाटल्या पुन्हा सारख्याच्या सारख्या. डॉ. पोट धरून हसले. मीही हसले. मग दोघांचंही हसू आटलं.

१३ फेब्रु.
सुचलं सुचलं सुचलं!!
आजी ओटीवर जाळं सांधत होती. बघत होती समुद्राकडे, बोटं आपली चाललेली. मी बाटली तिच्या मांडीवर ठेवली. "आजी, हिच्या अंगाबरोबर जाळं विणाल? कापल्याशिवाय निघता कामा नये."
"का गो? बाटली पलते काय?"
आणि हसली! त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली. तिथेच बसून विणून दिली. हातात घेतली की खरखर. तळहाताला चुकणंच शक्य नाही.

१६ फेब्रु.
आजीने टोपलीभर बाटल्या विणून पाठवल्या. डॉ.नी जाळं ओढून पाहिलं, दातांनीसुद्धा! मग डोळे मिटून बसले आणि मी हातात देईन ती बाटली ओळखायला लागले. बरोबर आलं की "आणखी द्या". लहान मूल झालं होतं त्यांचं. बाहेर पेशंट ताटकळत.
ठरलं ते असं: औषध संपलं की बाटली जाळ्यासकट भरायला आणायची. जाळ्यातलं प्यायचं नाही. विहिरीवर बायका एकमेकींना हेच बजावतात म्हणे!
पण डॉ.ची अट: आणखी एक जरी घोटाळा झाला तरी घरी देणं कायमचं बंद.

२० फेब्रु.
सगळीकडे ठीक. फक्त भागी बधत नाही. "जालं चांगलं हाय बाय. पन पोर माजं हाय." आजीने विचारलंही नाही, भागी काय म्हणाली ते.

२५ फेब्रु.
सकाळी दवाखान्याचं दार उघडतेय तर समोरून भागी. डोक्यावर टोपली, कडेवर कुणी नाही.
"बाळू कुठे?"
"म्हातारीजवल. परत जुलाब लागलेत, उनात कुठं नेऊ? दोनी बाटल्या फलीवर हायत. पाजंल ती."
आणि गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.
आनंदाने ओरडावंसं वाटतंय आणि भीतीही वाटतेय. डॉ. म्हणाले, जाऊन बघून या. नको म्हटलं. भागीने विश्वास टाकला, आणि मी पहारा करायला जाऊ? मिक्श्चर घोटताना मात्र दोनदा सांडलं. डॉ. एरवी ओरडले असते. आज स्वतःच पुसलं.
भागी बाजारातून यायला अजून अवकाश आहे. आजीने स्वतःच्या बाटलीचं जाळं दुहेरी सुताचं विणलंय, मी हाताने चाचपून पाहिलंय. तरी कोळीवाड्याकडची खिडकी सोडवत नाही.