माझी फवारणीची पेटी आणि ग्रामसभा

तीर्थस्वरूप अप्पाराव दाजींना आष्टीहून मेहुण्याचा, धर्मराजचा, नमस्कार. आक्काचे गुडघे कसे हायत? तुमची तब्येत फोनवर विचारली की ‘बरं हाय’ म्हणून तुम्ही फोन ठेवता, म्हणून पत्र लिहून राह्यलो. (पत्रही ठेवून देता येतं, पण वाचून ठेवा.)

इकडं ग्रामसभा झाली. कपाशी फवारताना शेजारच्या लालमियाँला विषबाधा झाल्ती, आता बरा हाय. पण जबाबदार कोण? दुकानदार म्हणे कंपनी, कंपनीवाला म्हणे यानं तोंडाला फडकं बांधलं न्हाई, शेतीखात्याचा साहेब म्हणे वरून कागद यायचाय. मला काही ऱ्हाववलं न्हाई. अर्धा तास बोललो (आमची कारभारीण सोनूबाई मागून सदरा ओढत होती, पण टाळ्या पडल्यावर कोण बसतं?). ठरावच मांडला: घरोघरची फवारणीची पेटी चारचौघांत उघडायची, कोणतं विष, कोणाकडून घेतलं, सगळं लिहायचं. सुरुवात माझ्यापासून.

पेटी समोर आली तवा आठवलं. कुलपाची पेटी, नातवंडं हात लावत न्हाईत, म्हणून माझ्या गोळ्या मी तिथंच लपवल्या होत्या. (विषाशेजारी गोळ्या! डॉक्टरीणबाईंना कळलं तर मलाच पेटीत घालतील.) ग्रामसेवकानं बिलं वाचली, मंग गोळ्यांची चिठ्ठी उचलली. वर जालन्याच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव, खाली माझं. सगळे माझ्याकडं बघायले. लई लाज वाटली दाजी, पण बोललो, “माझ्याच हायत. दीड वर्ष झालं. घेतो म्हणून इथं उभा हाय.”

विषाबद्दल ज्यांनी तोंड उघडलं न्हाई, ते माझ्या गोळ्यांवर बोलायला लागले. कोणी म्हणे सवय लागते, कोणी म्हणे मन कमजोर. शेवटी लालमियाँ उठला. “जहर का जवाब अब्बी कोई दिया नै, इसकू गोळी का जवाब काहेकू पूछ रै?” मंग हात वर गेले. ठराव पास झाला.

तवापासून रोज कोणी ना कोणी मागल्या दारानं म्हैस बघायला येतं. (म्हैस मी दिवाळीलाच विकली.) मंग हळूच एक गोळी मागतात. मी देत न्हाई. ज्याचं त्याचं डॉक्टरीणबाई तपासून ठरवतात. पत्ता मात्र देतो. गोळ्या आता उंच फळीवर उघड्या असतात आन् मी बिलकुल मजेत हाय.

तुमचा,
धर्मराज

ता. क. गुरुवारी जालन्याला डॉक्टरीणबाईंकडं तुमचा नंबर लावलाय. दोन महिने दुकान उघडलं न्हाई, नुसते ओट्यावर बसून असता म्हणे. मीही तसाच बसायचो दाजी. सकाळच्या गाडीनं अंबडला तुमच्या घरी येतो, बरोबर जाऊ.

आणखी ता. क. आक्काला काय सांगावं याची काळजी करू नका, म्हैस बघायला चाललो म्हणा. ती काही विचारणार न्हाई. नंबर तिनंच लावायला लावलाय.