शाहेरच्या गव्हाचा फ्रीका

प्रिय शाहेर,

आधी खाली बस. उभ्या उभ्या हे पत्र वाचू नकोस, आणि तिथल्या तुझ्या मेक्सिकोच्या सरांसमोर तर मुळीच नको. घरी सगळे खुशाल आहेत. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. जरा जास्तच बरा आहे, ते पुढे कळेल. फोनवर का नाही सांगितलंस म्हणशील, तर तुझा फोन आला की तुझी आई, आपली हज्जा फिद्दा, माझ्या कानाला कान लावून बसते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाऊन चालणार नाही. तुझ्या गहू संशोधन केंद्रातला एक जण तिकडे येतोय, त्याच्या हाती हे देतेय. त्याला वाटतंय प्रेमपत्र आहे. वाटू दे बापड्याला.

यंदा पावसाने तोंडाला पानं पुसली रे. जानेवारीत आला तो लांबच्या पाहुण्यासारखा, चहा पिऊन निघून गेला. इर्बिदहून गावाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा गहू वीतभर वाढून तसाच करपलाय. शेजारच्या अबू रसमीने तर शेतात मेंढ्याच सोडल्या. आणि त्या सगळ्या करपलेल्या रानात आपल्या घराखालचा तेवढा तुकडा हिरवागार, ओंब्यांनी जड झालेला. आठवतं ना, अबू रसमी कुंपणावर रेलून काय म्हणायचा? "सूनबाई, तुझ्या दादल्याने गहू पेरलाय की गालिचा? एवढ्याशा काडात माझ्या एका मेंढीचीही न्याहारी व्हायची नाही." हल्ली तो कुंपणाशी येतो, बघतो आणि घसा खाकरून निघून जातो.

केंद्रातला तुझा वाफा मार्चच्या गारांनी झोपवला, तेव्हापासून तुझी इतक्या वर्षांची मेहनत त्या एका तुकड्यात उभी होती हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. याचंच बी करायचं, हिवाळ्याच्या तोंडाला गावोगाव द्यायचं, म्हणजे असं कोरडं वर्ष पुन्हा आलं तरी लोकांना पिठासाठी परक्या बोटींची वाट बघायला लागणार नाही. हे मी झोपेत म्हणून दाखवीन, इतक्यांदा ऐकलंय. केंद्राच्या शीतकपाटात याचे उरलेत ते मूठभर दाणे. त्यांच्यावरून पुन्हा सुरुवात म्हणजे आणखी तीन-चार वर्षं. म्हणून तर विमानात बसायच्या आधी तू आईला पुन्हा पुन्हा बजावलंस, पिवळा झाला की यंत्र येईल, तोवर कापणी करायची नाही. तिने छातीवर हात ठेवून कबूल केलं. आणि शब्दाला ती किती पक्की आहे म्हणून सांगू. अबू रसमीच्या बायकोची, उम्म रसमीची शेळी बांधापाशी आली तर हज्जा चप्पल घेऊन तिच्यामागे पार मशिदीपर्यंत धावली. म्हणून म्हटलं, गुडघा बरा आहे.

तर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी बसने घरी आले. वळणावरच धूर दिसला. मग वास आला, भाजत्या ओंब्यांचा. शाहेर, तो वास तुला सांगायला नको. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी मी घराकडे धावत सुटले, कारण यंदा अख्ख्या गावात हिरवी ओंबी उरली होती ती एकाच ठिकाणी.

मी पोचले तर गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आपल्या अंगणात. काटेरी झुडपांचा जाळ, त्यावर पेंढ्या, कुणी ओंब्या उलथतंय, कुणी चोळतंय, सगळ्यांची तोंडं काळी. मधोमध तुझी आई, हातात काठी, सेनापतीच्या थाटात. मला बघून म्हणते कशी, "आलीस? बाह्या वर कर आणि बस." मी म्हटलं, आई, शाहेर कापू नका म्हणाला होता ना. तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की वाटलं, आपल्या पदवीवर आता बोळा फिरणार. "अगं, कापणी नको म्हणाला तो. फ्रीका म्हणजे का कापणी? रस्सा चाखून बघितला म्हणजे का जेवण झालं?"

खरंच आहे ते. पिवळ्या गव्हाची ती कापणी, हिरव्या ओंब्या भाजून चोळल्या की तो फ्रीका, आणि फ्रीका न घेता कापणीला हात घालणारं घर आपल्याकडे कुणी बघितलंय? तुला सांगायचं सुचलं नाही, तिला विचारायचं सुचलं नाही. आणि तिने घेतली होती ती फक्त एक पट्टी, तुझ्यापुरती. पण धूर दिसला तशी उम्म रसमी आली. तिच्याकडे यंदा हिरवं पातंही नाही. तिला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. आपल्या दाराशी येऊन गल्ली फ्रीक्याविना गेली तर तुझ्या वडिलांच्या नावाला बट्टा. पट्टीमागे पट्टी गेली. तुझा गहू पाण्यावाचून जगला म्हणून तर संपला बघ. हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. बायकांना वाटलं, धुराने डोळे चुरचुरतायत.

सगळाच गेला नाही, ऊर बडवू नकोस. आई कितीही उदार झाली तरी पाखरांचा आणि वाटसरूंचा कोपरा सोडल्याशिवाय तिचा विळा थांबत नाही. तो कोपरा उभा आहे, आपल्या बैठकीच्या खोलीएवढा. आता दाणा टणक होतोय आणि चिमण्या टपल्यात, म्हणून बैठकीतलेच पडदे काढून त्याच्यावर घातलेत, हो, ते लग्नातले, झालरवाले. येणारा-जाणारा विचारतो, इथे कुणाचं लग्न आहे का. तुझ्या केंद्रातली मुलगी येऊन बघून गेली. म्हणाली, पिकला तर एक वर्ष वाया जाईल, तीन-चार नाही.

आणि राखणदार कोण, माहितीय? अबू रसमी. फ्रीका दोनदा वाढून घेतला, बोटं चाटली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सूनबाई, या गव्हाचं बी मला मिळेल का? काडाचं काय, बघून घेईन." मी म्हटलं, अबू रसमी, बीच होतं ते, आत्ता तुम्ही खाल्लंत. त्याने पोटावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची टाकून कोपऱ्यापाशी बसतो. आपण काय खाल्लं, ते त्याच्याकडून गल्लीला कळलं. ज्या गल्लीत कुणाच्या घरी कांदा जळला तरी बातमी होते, तिथे तुझ्या आईला मात्र कुणी ताकास तूर लागू दिलेली नाही.

आणि म्हणूनच हे पत्र, शाहेर. तुला चिडायचं असेल, आणि चिडायला हवंच, तर तिकडेच चिड. भिंतीवर डोकं आपट, मला लिहून हव्या तेवढ्या शिव्या दे, मी सोसेन. पण घरी येशील तो राग संपवून ये. तू इतकी वर्षं त्या केंद्रात काय करतोस हे तिला कधी उमगलंच नव्हतं रे. गहू तर माझ्या आजीकडेही होता, म्हणायची. त्या दिवशी पहिला घास तोंडात घातला आणि ती उठूनच उभी राहिली. मग प्रत्येकीला सांगत सुटली, कोरड्या वर्षात माझ्या पोराने गल्ली जेवू घातली. त्यातलाच चांगला निवडलेला फ्रीका तिने तुझ्यासाठी डब्यात भरून ठेवलाय, मलाही हात लावू देत नाही. तू आलास की कोंबडी घालून शिजवील, ताट पुढे ठेवील आणि तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. तेव्हा पोटभर खा, आणखी माग, आणि तिला विचार, आई, हा गहू कुणाचा गं? तिला ते सांगायचंय.

तुझीच, पण या वेळी तुझ्या आईच्या बाजूची,
रुदैना