वेगळे भरायचे होते, बाबा

प्रिय बाबा,

काल आईचं मेडिकल कार्ड शोधायला तुमची फाईल काढली आणि तिच्यात माझंच अक्षर सापडलं, म्हणून लिहिते आहे.

आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र होतं ते. कोपऱ्यात मी पेनानं लिहिलंय, 'पेन्शनचं. ठेवून द्या.' आठवतं? चष्मा पुसत तुम्ही विचारलं होतं, "पोरी, हे विम्याचे पैसे अलग भरा लागते काय?" मी स्कूटीची किल्ली शोधत होते. पहिली ओळ वाचली न वाचली आणि म्हटलं, "नाही हो बाबा, पेन्शनमधून कटते."

काल पुढची ओळ वाचली. विमा वेगळा, दरवर्षी आपण होऊन भरायचा. मुदत चुकली तर नवरा-बायको दोघांचीही नावं बाद, पुन्हा घेणार नाहीत!

तुम्हाला तरी कसं कळावं? पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीभर सगळं पगारातूनच कटायचं. क्वार्टरचं भाडं, वीज, पेन्शनचा हिस्सा. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून जुनवानीच्या आपल्या घरात आलो, पहिलं विजेचं बिल आलं, तेव्हा तुम्ही ते हातात धरून विचारलंत, "आता हे कोण कापन?" आम्ही किती हसलो होतो!

पण माझ्यावर एवढा विश्वास का ठेवलात? शेजारी तुमच्याच खात्यातले काका राहतात, त्यांना एकदा विचारायला काय झालं होतं? राग येतो तुमचा. मग स्वतःचा येतो.

तुम्ही गेलात चहा पिता पिता. दवाखान्याची वेळच आली नाही, म्हणून विमा बंद पडलाय हे कुणाला कळलं नाही. आता आईची वेळ आली आहे. पोटात गाठ आहे तिच्या. डॉक्टर मला बाहेर बोलावून बोलले, आणि फार हळू बोलले. आज चार वाजता तिला भरती करायचंय. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, बाबा.

ती मात्र निर्धास्त आहे. शेजारच्या काकूंना सांगत होती, "मले काहाचं भेव? पोरीच्या बाबानं माही सोय करून ठेवली हाये." मग मला म्हणाली, "तुहं तोंड कावून उतरलं वं?" मी म्हटलं, ऊन लागलं.

खर्चाचं मी बघेन, घर विकावं लागलं तरी. पण घराचं नाव काढलं की ती दवाखान्यासाठी भरलेली पिशवी रिकामी करेल. तुम्ही ओळखता ना तिला! आणि गप्प राहिले, तर कार्ड चालत नाही हे दवाखान्याच्या काउंटरवर कळेल. मग ती तुम्हाला बोल लावेल.

ते होऊ देणार नाही, वचन देते. रिक्षात बसण्याआधी मीच सांगेन, की बाबांनी विचारलं होतं, चूक माझी आहे. त्यानंतर ती माझ्यासोबत रिक्षात बसेल की नाही, ते मला ठाऊक नाही.

तुमची,
वनिता