आमची ही

३ फेब्रुवारी
इथल्याच, दिल्लीतल्या मुनिरक्याहून इरा आली. नात माझी, भाषाशास्त्र शिकते. मी चौथी पास, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती बोलायला लागली की ऐकत बसावंसं वाटतं. मटार सोलता सोलता निम्मे तिनेच खाल्ले. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांना वस्तूंची नावं येत नाहीत, ते तिला दाखवलं. चहा हवा तर "तो दे". काठी हवी तर "ती दे". इरा म्हणाली, "आजी, नामं गेलीत, पण लिंग शाबूत आहे बघ. तो-ती बिल्कुल बरोबर लावतात." इतकं छान वाटलं. मग भांडी घासताना वाटलं, काठी गेली नि ती राहिली, ह्यात छान काय.

७ फेब्रु.
बोलणं शिकवणाऱ्या मॅडम आल्या. आमच्या द्वारकेतल्या इमारतीची लिफ्ट बंद, बिचाऱ्या जिन्याने आल्या. माझ्याकडे बोट करून, "अंकल, ये कौन हैं?"
हे म्हणाले, "आमची ही."
"नाम बताइए."
मॅडमनी फुली मारली. मी म्हटलं, मॅडम, इन्होंने मेरा नाम कभी लिया ही नहीं. लग्नात उखाण्यात तेवढं, मग सगळं अगं-अगंवरच. त्यांना वाटलं, मी ह्यांची बाजू घेतेय. घेतच होते म्हणा.

८ फेब्रु.
इराला फोन. नवा शब्द दिला, नामपदबंध. दोनदा म्हणवून घेतला. 'माझी काळी काठी' हा सगळा मिळून एक, पण त्यात मुख्य काठी. "आजोबांच्या 'आमची ही'त मुख्य नामच नाहीये."
अगं, जन्मभर नव्हतंच.
"तू तरी कुठे घेतेस? हे-हेच करतेस ना." दोघी हसलो.
पण मग ह्यांना नाव आठवत नाही, की ते आधीपासूनच नव्हतं, हे ओळखायचं कसं? विचारलं तिला. "ते नाही सांगता येणार गं, आजी." एवढं शिकून.

१४ फेब्रु.
सकाळपासून डोक्यावरून विमानंच विमानं. हे दाराकडे बघत, "ही कुठंय?"
काठी दिली. ढकलली. टोपी, वाटी, उशी, ज्याला ज्याला ही म्हणतात ते सगळं देऊन पाहिलं. चिडले. सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, ती नाही. आमची ही."
मला अहो.
येईल हं आत्ता, म्हटलं. शांत झाले. मग मीही शेजारी बसून दाराकडे बघत राहिले.